नव्या महिन्याचे स्वागत एका झाडाच्या निरीक्षणाने कसे करावे

नवा महिना लागला की ऋतूविषयी चार ओळी लिहाव्यात, त्या स्वतःच्या वहीत ठेवाव्यात किंवा आप्तांना पाठवाव्यात, अशी इच्छा अनेकांना होते. मात्र असे लेखन बहुधा बसल्या जागी केलेले असते आणि म्हणून वसंत म्हणजे पालवी, शिशिर म्हणजे पानगळ या ठरलेल्या चौकटीबाहेर ते जात नाही. झाडाला पहिली तारीख ठाऊक नसते. एकाच तारखेला उत्तर गोलार्धातील झाड पाने गाळत असते आणि दक्षिण गोलार्धातील झाडाला नवे धुमारे फुटत असतात. तेव्हा क्रम उलटा करावा: आधी झाड पाहावे, जे दिसले ते नोंदवावे आणि चिंतन त्यानंतर करावे.

त्यासाठी एकच झाड निवडावे. ते रोजच्या वाटेवरचे, पूर्ण वाढलेले आणि निदान एक फांदी डोळ्यांच्या उंचीवर असलेले असावे. वारंवार छाटले जाणारे झाड टाळावे, कारण त्याचा फुटवा ऋतूपेक्षा छाटणीविषयीच अधिक सांगतो. झाडाची जात सुरुवातीला माहीत नसली तरी अडत नाही. पानझडी झाडावरील बदल ठळक दिसतात, म्हणून नवख्याला ते सोपे जाते. सदाहरित झाडही पाने गाळतेच, फक्त ती सगळी एकदम गाळत नाही, त्यामुळे तेथे नजर अधिक बारीक ठेवावी लागते.

महिन्याच्या पहिल्या दिवशी, शक्यतो ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या जागी उभे राहून झाड खालून वर पाहत जावे. वर पाहण्याचीच सवय असल्यामुळे जमिनीकडे दुर्लक्ष होते. खरे तर गळालेल्या पाकळ्या, कळ्यांची टरफले आणि अर्धवट कुरतडलेली फळे शेंड्यावर काय चालले आहे ते आधी कळवतात. मग खोड, साल आणि शेवटी एखादी डहाळी पाहावी. त्याच डहाळीकडे दर महिन्याला परतता यावे म्हणून तिला सैलसा दोरा बांधावा. घट्ट बांधलेला दोरा फांदी जाड होताना सालीत रुततो. थंड प्रदेशातील अनेक झाडांच्या निष्पर्ण डहाळीवर दिसणारे कोंब नुकतेच आलेले नसतात, ते आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेले असतात. अशा डहाळीवर ठरावीक अंतराने बारीक कड्यांसारख्या खुणा असतात. टोकाचा कोंब उमलताना त्याची टरफले गळतात आणि त्यांचे वण मागे राहतात. दोन कड्यांमधील अंतर म्हणजे त्या डहाळीची एका वर्षातील वाढ. खोडाचा घेर जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवर वर्षातून एकदा मोजला तरी पुरे, कारण ओलाव्यामुळे साल फुगते आणि दर महिन्याची मापे फसवी ठरतात.

नोंद मोजक्या शब्दांत करावी. ‘पालवी छान फुटली आहे’ यापेक्षा ‘साधारण चतुर्थांश फांद्यांवर पाने उलगडली आहेत’ हे वाक्य पुढच्या वर्षी उपयोगी पडते. काहीच बदल दिसला नाही, तर तेही लिहावे; ‘फुले नाहीत’ ही नोंदही पूर्ण नोंद असते. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम यांनी 1736 मध्ये वसंताच्या खुणांच्या तारखा टिपायला सुरुवात केली आणि त्यांच्या घराण्याने हे काम 1958 पर्यंत चालू ठेवले. जपानमधील क्योतोच्या चेरीच्या बहराच्या नोंदी तर नवव्या शतकापासूनच्या आहेत आणि म्हणूनच 2021 मध्ये 26 मार्चला आलेला पूर्ण बहर हा बाराशे वर्षांत सर्वांत लवकर आलेल्यांपैकी होता, हे सांगता आले. त्या जुन्या नोंदी ठेवणाऱ्यांच्या मनात हवामानबदल नव्हता. तारीख मात्र होती.

नोंद झाल्यावर चिंतनाला सुरुवात करावी आणि ती ‘असे का?’ या एका प्रश्नाने करावी. पाने पिवळी पडली असतील, तर तो रंग नव्याने आलेला नसतो. हरितद्रव्य विघटित झाल्यावर आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो, तर शरदातील लाल रंग पुष्कळ झाडे त्याच सुमारास नव्याने तयार करतात. पानगळीचे श्रेय वाऱ्याला दिले जाते, परंतु त्याआधी देठाच्या तळाशी पेशींचा एक विलग होणारा थर झाडाने स्वतःच तयार केलेला असतो. एखादी फांदी मध्येच मेली, तर हा थर बनत नाही आणि तिच्यावरची सुकलेली पाने लटकत राहतात. झाडाच्या ‘त्यागा’विषयी लिहिण्याचा मोह येथेच आवरावा. गाळण्यापूर्वी झाड पानातील नायट्रोजनचा बराचसा भाग परत खोडाफांद्यांत ओढून घेते, म्हणजे ही चोख आवराआवर असते, आणि माझ्या मते मासारंभी विचार करण्यासाठी ती त्यागापेक्षा अधिक उपयोगाची आहे: गेल्या महिन्यातून काय परत घ्यायचे आणि काय गळू द्यायचे, हा प्रश्न त्यातून आपोआप पुढे येतो. तसेच थंड प्रदेशांत सर्वांत मोठा दिवस आणि त्यानंतर येणारा सर्वांत उष्ण दिवस यांत बहुधा काही आठवड्यांचे अंतर असते, कारण जमीन व पाणी तापायला वेळ लागतो. या अंतरावरही एखादे पान लिहिता येते.

आप्तांना पाठवायचा मजकूर या नोंदीतूनच काढावा: प्रथम दिसलेली एक गोष्ट, मग तिचे कारण आणि नंतर आपला विचार, विशेषणे जितकी कमी, तितके बरे. पहिली तारीख चुकली, तर ज्या दिवशी जमेल त्या दिवशी पाहून तीच तारीख घालावी, आठवणीतून मागची नोंद भरू नये. झाड पडले किंवा तोडले गेले, तर त्याची नोंद तेथेच थांबवून नव्या झाडासाठी वेगळी वही करावी, कारण एकाच जातीच्या शेजारशेजारच्या दोन झाडांनाही पालवी वेगवेगळ्या दिवशी फुटते आणि त्यांच्या तारखा एकत्र केल्यास पुढची तुलना बिघडते.