मॅन्डेटमधला गव्हर्नर नेमका करायचा काय, हे कसं शोधायचं

पहिल्या महायुद्धात हरलेल्यांचे मुलुख राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स, यूएनच्या आधीची संघटना) जिंकलेल्या देशांना अटी घालून सांभाळायला दिले, ते मॅन्डेट. मॅन्डेट म्हणजे कॉलनीच, फक्त नाव गोंडस, असं मी एकदा पेपरात लिहून आलो आणि मार्क गेले, आणि गेले ते बरोबरच गेले. तर तुम्ही असं करा.

सगळे मॅन्डेट एकदम घेऊ नका, एकच धरा. मी टांगानिका धरतो, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भाग. जर्मनांकडून काढून घेतलेला मुलुख, 1922 मध्ये राष्ट्रसंघाने ब्रिटनच्या हवाली केला, ब वर्गात (म्हणजे कारभार थेट ब्रिटनने बघायचा, पण अटी पाळून). आधी पाटी बघा: इथे गव्हर्नर, पॅलेस्टाईनमध्ये हाय कमिशनर, नैऋत्य आफ्रिकेत ॲडमिनिस्ट्रेटर. पाटीवरून अंदाज येतो, पण अर्धाच.

मग साहेबाचा साहेब शोधा. नेमणूक लंडनची, बदली लंडनची. जिनिव्हाला, म्हणजे राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात, फक्त वर्षाचा रिपोर्ट जायचा, तिथलं मॅन्डेट कमिशन तो वाचून उलटसुलट प्रश्न विचारायचं, पण स्वतः येऊन बघायची सोय नाही. त्यामुळे कर, कायदे, जिल्ह्याचे ऑफिसर हा रोजचा कारभार शेजारच्या केनियासारखाच, जी ब्रिटनची सरळ कॉलनी होती.

खरी गंमत मॅन्डेटच्या कलमांत आहे, तिथे मात्र घाई करू नका. सक्तीची मजुरी बंद असं लिहिलंय आणि लगेच पुढे, अत्यावश्यक सार्वजनिक कामं सोडून, तीही पुरेसा मोबदला देऊन. आता एखादा रस्ता अत्यावश्यक आहे का हे जागेवर ठरवणार कोण, तर गव्हर्नरचंच सरकार! लोकांना जिनिव्हाकडे अर्ज करता यायचा, पण सरकारमार्फतच, म्हणजे तक्रार ज्याच्यावर, पाकीट त्याच्याच टेबलावरून जाणार.

तरी कागद अगदीच पोकळ नव्हता हां. राष्ट्रसंघाच्या सगळ्या सदस्य देशांच्या लोकांना सारखी वागणूक अशी अट होती आणि भारत सदस्य होता (पारतंत्र्यात असूनसुद्धा), म्हणून आपल्या लोकांना तिथे जमीन घेता यायची, केनियाच्या हायलँड्समध्ये (गोऱ्यांसाठी राखून ठेवलेला डोंगराळ भाग) नाही.

शेवटी खुर्चीतला माणूस बघा. डोनाल्ड कॅमेरॉन, 1925 ते 1931, नायजेरियातून आलेला, स्थानिक प्रमुखांमार्फत राज्य चालवायचं हा त्याचा खाक्या. 1926 ला त्याच्याच काळात विधिमंडळ निघालं, त्यात आफ्रिकन माणूस मात्र थेट 1945 ला बसला. पण केनियातले गोरे जमीनदार सगळा पूर्व आफ्रिका एकत्र करायच्या मागे लागले तेव्हा हाच गडी आडवा आला, मॅन्डेटच्या त्याच कागदावर बोट ठेवून.