मृगाआधी पेट्रोलचा पॉवर वीडर तपासून घ्या

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की बागायती कपाशीची तयारी सुरू होते, आणि लागवडीनंतर तीन-चार आठवड्यांत पहिली कोळपणी, म्हणजे रांगांमधलं तण काढणं, अंगावर येते. तण काढायचा पॉवर वीडर गोठ्यातून बाहेर निघतो तो बहुधा त्याच दिवशी. मग दोरी ओढून खांदा भरून येतो, यंत्र टेम्पोत चढतं आणि मेकॅनिककडे आधीच दहा यंत्रं उभी असतात. त्यातल्या बऱ्याच यंत्रांत बिघाड असा काही नसतोच. टाकीत मागच्या हंगामाचं पेट्रोल आणि फिल्टरमध्ये मागच्या हंगामाची धूळ, एवढंच दुखणं असतं. मे महिन्यात सकाळच्या गारव्यात अर्धा दिवस दिला तर हे सगळं घरी होतं.

इथली मापं मागे चालून चालवायच्या वीडरच्या १९६ ते २१२ सीसीच्या फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाची आहेत. आपल्याकडे सात एचपीचा म्हणून जो वीडर मिळतो, त्याला बहुधा हेच इंजिन असतं. चाकावरच्या गवत कापायच्या यंत्राच्या इंजिनालाही पेट्रोल, फिल्टर आणि प्लगबद्दलचं सगळं लागू पडतं. सोबत मिळालेल्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरायचा.

आधी पेट्रोल. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि ती एका मर्यादेबाहेर गेली की पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळं बसतं. टाकीचा तळ म्हणजे कार्बोरेटरकडे जाणारा रस्ता. त्यात भर म्हणजे जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि उरतो तो चिकट राळेसारखा थर. तो कार्बोरेटरमधल्या जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तुकड्याच्या, बारीक भोकात वाळतो. म्हणून टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडा ठेवून, कार्बोरेटरच्या वाटीखालचा निचऱ्याचा बोल्ट सैल करून, पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढा आणि पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला किंवा थिनरसारखा आंबूस वास आला तर सगळी टाकी रिकामी करा. जुनं पेट्रोल मोटारसायकलमध्ये ओतून खपवण्याचा मोह आवरा, नाहीतर पुढची दुरुस्ती तिची निघते. नवं पेट्रोल पंधरा दिवसांत संपेल इतकंच आणावं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सावलीत ठेवावं.

यंत्र फक्त चोक ओढल्यावर चालत असेल आणि चोक उघडला की बंद पडत असेल, तर जेट तुंबला आहे असं समजून कामाला लागा. कॉक बंद करा. वाटीचा बोल्ट बहुतेकदा १० च्या पान्याचा असतो. खाली ताट धरा, कारण वाटीबरोबर रबरी रिंग आणि बोल्टाचा वॉशर निसटतो आणि मातीत हरवतो. वाटीत पांढरट-हिरवट पापुद्रा दिसला तर ती पाण्याची खूण. मधल्या खांबात खालून मेन जेट बसलेला असतो. तो नेमक्या रुंदीच्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरनेच काढा. अरुंद टोकाने खाच फाटली की तो हलत नाही. जेटमागून भोकं असलेली बारीक पितळी नळी निघते, तीही साफ करायची. जेट उन्हाकडे धरून बघा. भोक पूर्ण गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा. नाहीच निघालं तर वायरमधली तांब्याची एकच तार घाला. सुई, खिळा, केळीला बांधायची तार यातलं काहीही नको. भोक केसभर मोठं झालं तरी यंत्र काळा धूर सोडतं आणि पेट्रोल जास्त पितं, आणि मग नव्या जेटशिवाय इलाज नाही. कमी गतीवर इंजिन डुगडुगत असेल तर थ्रॉटल थांबवायच्या स्क्रूखाली बसलेला छोटा पायलट जेटही याच पद्धतीने साफ करा.

कार्बोरेटर उघडलाच आहे तर फ्लोटखालची (वाटीत तरंगणाऱ्या तुकड्याखालची) सुई बघा. तिच्या रबरी टोकावर वळ पडला असेल तर ती पेट्रोल अडवत नाही. पेट्रोल बाहेर गळतं, किंवा सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल न भरताच वाढलेलं दिसलं आणि पेट्रोलचा वास आला, तर नुसतं ऑइल बदलून भागत नाही, आधी सुई बदलावी लागते. यंत्र उभं करताना कॉक बंद करायची सवय नसलेल्या घरात हे हमखास होतं.

इंजिनातलं ऑइल, इंजिन थोडं गरम असताना, काढा, म्हणजे गाळ सोबत येतो. साधारण ६०० मिली बसतं. १० डब्ल्यू-३० ग्रेडचं चालतं. पुस्तिकेत २० डब्ल्यू-४० सांगितलं असेल तर आपल्या उन्हात तेच बरं. नव्या यंत्राचं पहिलं ऑइल २० तासांनी बदलायचं. पुढे पुस्तिका बहुधा १०० तास सांगते, पण काळ्या मातीच्या धुळीत ५० तासांवर बदललेलं परवडतं. ६०० मिली ऑइल रिंग-पिस्टनच्या कामापुढे काहीच नाही. पातळी यंत्र सपाट जागी ठेवून बघा. या इंजिनांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून मोजतात. जिथे फिरवून मोजणारे आहेत, तिथे ऑइल कायम कमीच भरलेलं सापडतं.

एअर फिल्टरची हयगय सगळ्यात महाग पडते. फोमचा भाग कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, दाबून पाणी काढा, सावलीत वाळवा, मग इंजिन ऑइलचे काही थेंब टाकून पुन्हा दाबून काढा. कागदी फिल्टर धुवायचा नाही. हलका आपटून, आतून बाहेर कमी दाबाची हवा मारून साफ होत असेल तर ठीक, नाहीतर बदला. बाहेरून कॉम्प्रेसर मारला की धूळ कागदात रुतते. आणि ‘आजच्या दिवस चालवू’ म्हणत फिल्टर काढून यंत्र चालवणं तर मुळीच नको. ती धूळ रिंगा घासते, निळा धूर निघू लागतो आणि दोरी हलकी लागते.

प्लग २१ च्या पान्याने निघतो. टोक विटकरी-तपकिरी असेल तर इंजिनाची तब्येत चांगली. कोरडं काळं असेल तर फिल्टर किंवा चोक बघा, ओलं असेल तर पेट्रोल जास्त झालंय: प्लग पुसा, चोक उघडा, चार-पाच वेळा दोरी ओढा, मग प्लग बसवा. फट ०.७ ते ०.८ मिमी. ठिणगी बघताना प्लगची कड इंजिनाच्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून आणि सांडलेल्या पेट्रोलपासून लांब. ठिणगीच नसेल तर लगेच (ठिणगीसाठी वीज देणारी) कॉइल बदलायला धावू नका. बऱ्याच इंजिनांत ऑइल कमी झालं की सेन्सर ठिणगी तोडतो, म्हणून पहिल्यांदा ऑइल मोजा. त्यानंतर स्विचची वायर. गोठ्यात ठेवलेल्या यंत्राची वायर उंदराने कुरतडलेली असण्याची शक्यता कॉइल जाण्यापेक्षा जास्त. पंख्यावरचं कव्हरही त्याच कारणासाठी एकदा उघडा. आत सरकीचा भुसा आणि कापसाचं घरटं निघालं तर इंजिन का तापत होतं ते कळेल.

चालू यंत्र वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडतं, थोडं थांबलं की पुन्हा चालतं, अशी तक्रार असेल तर बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण सैल करा. हवा आत ओढल्याचा आवाज येऊन यंत्र चालू झालं तर झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं आहे. इंजिनाचा आवाज ठीक पण पाती मंदावतात, तेव्हा बेल्ट आणि क्लचची वायर ताणा. इंजिन बंद असताना, पण क्लच दाबलेल्या स्थितीत, बेल्ट अंगठ्याने मध्यावर १० ते १५ मिमी दबला पाहिजे. त्यावर ऑइल लागलेलं असेल तर ताणून उपयोग नाही, नवा घाला.

केळीच्या पट्ट्यात, म्हणजे रावेर, यावल, चोपड्याकडे, वीडरचा खरा शत्रू सुतळी आणि ठिबकची नळी. घडाला बांधलेल्या पट्ट्या, जुन्या १६ मिमी नळीचे तुकडे, पिशव्यांचं प्लॅस्टिक, हे सगळं पात्यांच्या दांड्यावर गुंडाळत आत सरकतं आणि गिअर बॉक्सच्या ऑइल सीलवर जाऊन बसतं. वरून काही दिसत नाही. प्लगची टोपी काढा, पिन ओढून दोन्ही बाजूंचे पात्यांचे ड्रम उतरवा, सीलभोवतीचा दोरा चाकूने न कापता उलट्या दिशेने उलगडत काढा. चाकू सीललाच लागतो. गिअर बॉक्समधलं ८० डब्ल्यू-९० ऑइल दुधासारखं झालं असेल तर सीलमधून पाणी आत गेलंय. सील बदलून ऑइल नवं भरा. पिनांना ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वर्षी हातोडीने निघतील. पाती बसवताना धारेची बाजू पुढे हवी. डाव्या-उजव्या ड्रमची अदलाबदल झाली की वीडर माती न कापता नुसता उड्या मारतो आणि दोष इंजिनाला जातो.

केळीत वीडर फार दिवस चालवू नका. मुळं वरच्याच थरात पसरतात, त्यामुळे बाग चार-पाच महिन्यांची झाली की माती न उकरता गवत वरून कापणारं यंत्र बरं. बांधावरचं गवत मात्र राहू देऊ नका. कुकुंबर मोझॅक विषाणू आणि तो पसरवणारा मावा तणांवरच टिकतात. कपाशीत रांगेपासून अर्धा फूट लांब राहून दोन-तीन इंच खोलीच पुरे. आणि वाफसा आल्याशिवाय यंत्र शेतात घालायचं नाही. मुठीत दाबलेला गोळा बोटाने फुटला तर चला. चिकटून राहिला तर काळी माती पात्यांभोवती गोळा होते, बेल्ट घसरतो आणि खाली गुळगुळीत थर दाबला जातो.

पाती फिरत असताना यंत्र मागे घ्यायचं नाही. चालवणाऱ्याचे पाय तिथेच असतात. अडकलेलं गवत काढायचं तर इंजिन बंद, प्लगची टोपी बाजूला, मगच हात.

छोट्या टू-स्ट्रोक वीडरचं बहुतेक असंच, फक्त पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल पुस्तिकेतल्या प्रमाणात: १:२५ ला लिटरमागे ४० मिली, १:५० ला २० मिली. अंदाजाने ओतू नका.

कोळपणी संपली की, बहुधा पोळ्याच्या पुढे-मागे, यंत्र ठेवताना टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि वाटीतलं उरलंसुरलं पेट्रोल काढा. प्लगच्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाकून प्लग बसवा, दोरी हळू ओढा आणि जड लागेल तिथे सोडा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात. शेतावरच्या डब्यात एक नवा प्लग, प्लगचा पाना, फट मोजायची पट्टी, कार्बोरेटरच्या वाटीची रबरी रिंग, ड्रमच्या दोन पिना, एक बेल्ट आणि दोरी असू द्या. रिंग घेताना जुनी सोबत न्या, कारण एकाच मॉडेलच्या दोन यंत्रांतही तिची जाडी वेगळी निघते.