पट्टी क्रमांक ४१२ : एसक्यूलाइटमधील त्रुटी हाताळताना माझी झालेली चूक

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानासाठी मी हळदीच्या पट्ट्यांचा (शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशोबाच्या पावत्यांचा) प्रोग्राम लिहिला, तेव्हा मला पायथन येऊ लागून दोन वर्षे झाली होती आणि ट्राय-एक्सेप्ट, म्हणजे त्रुटी आली तर काय करायचे हे सांगणारी पायथनमधील रचना, आपल्याला पूर्ण समजली आहे, अशी माझी खात्री होती. एकाच संगणकावर दोन प्रोग्राम चालत. एक काट्यावरून प्रत्येक पोत्याचे वजन घेऊन एसक्यूलाइटच्या (सगळी माहिती एकाच फाइलमध्ये ठेवणाऱ्या डेटाबेसच्या) फाइलमध्ये नोंदवीत असे आणि दुसऱ्यात दिवाणजी हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी छापीत.

फेब्रुवारीत नव्या हळदीची आवक वाढली आणि एका दुपारी दोन शेतकरी हातात पट्ट्या घेऊन दिवाणजींसमोर उभे राहिले. दोन्ही पट्ट्यांवर क्रमांक ४१२ होता. "दिवाणजी, ह्यातली खरी कुठली?" असे त्यांतल्या वयस्कर काकांनी विचारले. फाइल उघडून पाहिली, तर ४१२ ची एकच नोंद होती आणि ती दुसऱ्या शेतकऱ्याची होती. काकांच्या अकरा पोत्यांची पट्टी छापली गेली होती, पण साठवली गेलीच नव्हती. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

माझा क्रम असा होता : साधे 'बिगिन' देऊन ट्रॅन्झॅक्शन (एकतर सगळी पूर्ण होतात नाहीतर सगळी रद्द होतात अशा कामांचा गट) सुरू करायचे, शेवटचा पट्टी क्रमांक वाचायचा, हिशोब पडद्यावर दाखवून दिवाणजींच्या एंटरची वाट पाहायची आणि मग नोंद घालायची. साधे 'बिगिन' कोणतेही कुलूप (इतरांना लिहिण्यापासून अडवणारा हक्क) घेत नाही. पहिल्या वाचनाच्या क्षणी डेटाबेस जसा होता, तसे त्याचे चित्र तुमच्या जोडणीला मिळते आणि वॉल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याच्या एसक्यूलाइटच्या पद्धतीत; माझी फाइल याच मोडमध्ये होती) तुम्ही वाचत असतानाही दुसरा प्रोग्राम खुशाल लिहू शकतो. दिवाणजी पडद्यावरचे आकडे तपासत असताना काट्याने एक पोते जरी नोंदवले, तरी माझ्या हातातले चित्र शिळे होई आणि शिळ्या चित्राच्या आधारावर एसक्यूलाइट लिहू देत नाही. 'डेटाबेस इज लॉक्ड' अशी त्रुटी येते.

येथे मी दोन चुका केल्या. पहिली अशी, की त्याच ट्रॅन्झॅक्शनमध्ये राहून, एकेक सेकंद थांबून, पाच वेळा तीच नोंद पुन्हा घालून पाहिली. ट्रॅन्झॅक्शन सोडल्याशिवाय नवे चित्र मिळत नाही, त्यामुळे पाचच काय, पाच हजार वेळा प्रयत्न केला असता तरी उत्तर तेच आले असते. दुसरी चूक अधिक गंभीर होती. पाच प्रयत्न फसल्यावर एक्सेप्टमध्ये 'पास' (काहीही न करता पुढे जा) लिहून मी छपाईकडे गेलो. जोडणी बंद होताच अर्धवट ट्रॅन्झॅक्शन रद्द झाले आणि पुढच्या शेतकऱ्याला तोच क्रमांक मिळाला. "सध्या एक्सेप्टमध्ये गुंडाळून टाक, नंतर बघू" असा सल्ला मला एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी दिला होता. असा सल्ला देणारा माणूस कितीही अनुभवी असला, तरी त्याचे त्या बाबतीत ऐकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या त्रुटीवर टाइमआउट (कुलूप सुटण्याची वाट पाहण्याची मुदत) ३० सेकंद करा, हे उत्तरही तुम्हाला जागोजाग मिळेल. पायथनमध्ये तो मुळात ५ सेकंद असतो आणि दुसरा कोणी लिहीत असल्यामुळे थांबायचे असेल, तेव्हा तो उपयोगी पडतो. शिळ्या चित्राच्या बाबतीत मात्र एसक्यूलाइट थांबतच नाही, लगेच नकार देते. दोन्ही वेळा संदेशाचे शब्द तेच असल्यामुळे नवखा माणूस फसतो. म्हणून संदेश वाचून निर्णय घेऊ नका, त्रुटीचा सांकेतिक क्रमांक पाहा. पायथन ३.११ पासून तो अपवादाच्या (पायथन त्रुटी कळवते त्या वस्तूच्या) 'एसक्यूलाइट एररकोड' या गुणधर्मात मिळतो. साध्या अडथळ्याचा क्रमांक ५ आहे आणि शिळ्या चित्राचा ५१७.

दुरुस्ती अवघड नाही, धीर धरा. दिवाणजींचे एंटर आधी घ्या, कारण माणसाच्या उत्तराची वाट पाहत ट्रॅन्झॅक्शन उघडे ठेवणे हेच दुखण्याचे मूळ आहे. त्यानंतर 'बिगिन इमिजिएट' द्या. ते सुरुवातीलाच लिहिण्याचा हक्क मागते, त्यामुळे थांबायचे असेल तर तेथेच थांबते आणि टाइमआउटही तेथे खरोखर लागू होतो. क्रमांक वाचणे, नोंद घालणे आणि कमिट (बदल कायम करणे) हे सगळे त्याच्या आत करा. अपवाद आला तर रोलबॅक करून (ट्रॅन्झॅक्शन मागे घेऊन) क्रमांक वाचण्यापासून पुन्हा सुरुवात करा. छपाई कमिटनंतरच करा. 'बिगिन इमिजिएट' देऊन मग एंटरची वाट पाहू नका, नाहीतर तितका वेळ काट्याची नोंद अडेल.

सगळ्या त्रुटींवर पुन्हा प्रयत्न हा उपायही नव्हे. इंटिग्रिटीएरर आला तर तुमची माहितीच नियमात बसत नाही. ऑपरेशनलएररमध्ये तर कुलूप, भरलेली डिस्क आणि चुकीचे टेबलनाव हे सगळे एकत्र येते, त्यामुळे तेथेही क्रमांक पाहूनच ठरवा. डिस्क भरल्यावर एसक्यूलाइट कधी स्वतःच ट्रॅन्झॅक्शन मागे घेते, म्हणून ते अजून चालू आहे असे गृहीत धरू नका, जोडणीचा 'इन ट्रॅन्झॅक्शन' हा गुणधर्म तपासा.

माझ्या टेबलावर एकटा मीच चाचणी करीत होतो, म्हणून ही चूक मला कधी दिसली नाही. तुम्ही पायथनच्या दोन खिडक्या उघडून दोन्हींत तीच फाइल जोडा आणि फाइल वॉल मोडमध्ये ठेवा. पहिल्या खिडकीत 'बिगिन' देऊन एखादी ओळ वाचा, दुसऱ्या खिडकीत एक नोंद घालून कमिट करा आणि मग पहिल्या खिडकीत परत येऊन नोंद घालून पाहा. जो अपवाद येईल, त्याचा क्रमांक छापा. ५१७ दिसेल.