ग्रहण आणि चंद्राच्या कला: या चुका टाळा

चंद्र अर्धा का दिसतो, असं विचारलं की "पृथ्वीची सावली पडते म्हणून" हे उत्तर हमखास येतं, चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही. पहिली चूक हीच. अष्टमीला चंद्र आणि सूर्य आकाशात काटकोनात असतात. पृथ्वीची सावली पडते सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला; ती अष्टमीच्या चंद्रापर्यंत पोचणार कशी? काळा दिसतो तो चंद्राचा स्वतःचा रात्रीचा भाग. खात्री करायची तर कड पाहा. अष्टमीला उजेड-अंधाराची रेघ सरळ असते. 7 सप्टेंबर 2025 ला, भाद्रपद पौर्णिमेच्या रात्री, दहाच्या सुमारास ग्रहण लागलं तेव्हा चंद्रावर सरकत आलेली कड गोलाकार होती. ती खरी पृथ्वीची सावली.

दुसरी चूक वर्गातल्या प्रयोगात होते. दिव्याकडे पाठ करून चेंडू डोळ्यांच्या उंचीवर धरला की त्यावर आपल्याच डोक्याची सावली पडते. मग मुलं विचारतात, दर पौर्णिमेला ग्रहण का लागत नाही? प्रश्न अगदी रास्त आहे, चुकलेली आहे ती मांडणी. चेंडू डोक्याच्या जरा वर धरा, पौर्णिमा पूर्ण उजळते.

याहून चांगलं म्हणजे खरं प्रमाण मांडून दाखवा. 4 सेंटिमीटरचं लिंबू ही पृथ्वी, तर चंद्र होतो सेंटिमीटरभराचा वाटाणा. दोघांत बहुतेक जण वीतभर अंतर ठेवतात; ठेवायला हवं 1.2 मीटर. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे 5 अंशांनी कललेली आहे, म्हणजे एवढ्या अंतरावर वाटाणा 11 सेंटिमीटरपर्यंत वर-खाली जातो. आणि लिंबाची गडद सावली तिथे जेमतेम 3 सेंटिमीटर रुंद उरते! पट्टी लावून हे एकदा मोजलं की मुलं विसरत नाहीत.

चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेची पातळी जिथे छेदते ते पातबिंदू, म्हणजेच आपले राहू-केतू. आकाशात सूर्य त्यांच्याजवळ दिसत असताना आलेल्या पौर्णिमा-अमावास्येलाच ग्रहण होतं. असा काळ साधारण सहा महिन्यांनी येतो आणि महिनाभर टिकतो, म्हणून ग्रहणं जोडीनं येतात. त्या भाद्रपद पौर्णिमेनंतर 21 सप्टेंबरच्या सर्वपित्री अमावास्येला सूर्यग्रहण झालंच. आपल्याकडे नाही, न्यूझीलंडकडे दिसलं.

दिनदर्शिका बघतानाही घोटाळा होतो. 2022 मध्ये लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला आणि सूर्यग्रहण 25 ला, हे कसं, असं अनेकांना वाटलं. अमावास्या 24 च्या संध्याकाळी लागून 25 ला सव्वाचारच्या सुमारास संपली. सूर्यग्रहण अमावास्या संपण्याच्या क्षणाच्या आसपास असतं, चंद्रग्रहण पौर्णिमा संपण्याच्या. मुंबईत तर ग्रहण लागायलाच पावणेपाच वाजून गेले, कारण तिथी पृथ्वीच्या केंद्रावरून मोजतात आणि आपण उभे असतो पृष्ठभागावर; तिथून चंद्र थोडा वेगळ्या जागी दिसतो. तेव्हा नुसता चौकोनातला आकडा बघू नका, तिथी किती वाजता संपते ते बघा.

चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी खुशाल पाहा. सूर्यग्रहण मात्र एक्स-रेच्या फिल्ममधून, साध्या गॉगलमधून किंवा परातीतल्या पाण्यात पाहू नका. डोळ्याचा पडदा भाजतो आणि तेव्हा दुखतही नाही. प्रमाणित ग्रहणचष्मा नसेल तर सूर्याकडे पाठ करून चाळणी उन्हात धरा. तिच्या सावलीत प्रत्येक भोकातून सूर्याची एकेक कोर उमटते.