व्हर्च्युअल आयपी शिकताय? आधी विचारा, पत्ता बदलल्याचं कळवायचं कोणाला

ऐरोलीत नेटवर्कचं काम करताना नव्याने रुजू झालेली मुलं भेटतात. व्हीआरआरपी, म्हणजे एक सर्व्हर पडला की त्याचा पत्ता दुसऱ्याने घ्यायचा प्रोटोकॉल, त्यांना तोंडपाठ असतो. दोन सर्व्हर, एक सामायिक पत्ता, हाच व्हर्च्युअल आयपी. मुख्य सर्व्हर दर सेकंदाला २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पोचणाऱ्या) पत्त्यावर हजेरी लावतो. साधारण तीन हजेऱ्या हुकल्या की राखीव सर्व्हर पत्ता स्वतःकडे घेतो आणि ग्रॅच्युइटस एआरपी (‘हा पत्ता आता माझ्याकडे’ असा आपणहून दिलेला निरोप) पाठवून सगळ्यांना कळवतो. आपल्या रॅकमधल्या स्विचवर हे सुरेख चालतं.

क्लाउडमध्ये मात्र गाडं अडतं. अ‍ॅमेझॉनच्या व्हीपीसीत (क्लाउडमधल्या खासगी नेटवर्कमध्ये) ब्रॉडकास्ट नाही, साध्या सबनेटमध्ये (त्या नेटवर्कच्या एका भागात) मल्टिकास्टही नाही. कीपअलाइव्हडला (लिनक्सवर व्हीआरआरपी चालवणाऱ्या प्रोग्रामला) युनिकास्ट पीअर, म्हणजे समोरच्या मशीनचे थेट पत्ते, दिले आणि सिक्युरिटी ग्रुपमध्ये (क्लाउडच्या फायरवॉलमध्ये) व्हीआरआरपीचा प्रोटोकॉल क्रमांक ११२ उघडला, की दोघे बोलू लागतात. (तो उघडला नाही तर दोघेही स्वतःला मास्टर समजतात.) तरी पुढे गंमत अशी होते की पत्ता नव्या मशीनवर दिसतो, पॅकेट मात्र जुन्याकडेच जातात. कुठला पत्ता कुठल्या इंटरफेसचा (मशीनच्या नेटवर्क कार्डाचा), ही नोंद क्लाउडच्या स्वतःच्या यंत्रणेत असते. एआरपीने ती हलत नाही, एपीआयनेच (क्लाउडला प्रोग्राममधून आदेश देऊनच) बदलावी लागते.

म्हणून कीपअलाइव्हडच्या नोटिफाय मास्टर ओळीत, मशीन मास्टर झालं की चालणारी एक स्क्रिप्ट लावतात. ती सेकंडरी प्रायव्हेट आयपी नव्या इंटरफेसला जोडून देते. त्यासाठी आयएएम रोलची (क्लाउडमध्ये कोण काय बदलू शकतं ते ठरवणाऱ्या भूमिकेची) परवानगी दोन्ही मशीनना हवी. राखीव मशीनची परवानगी तपासायची राहिली, तर ते ऐन वेळी कळतं.

अ‍ॅमेझॉनचा मुंबई रीजन २०१६ मध्ये सुरू झाला, आज त्यात तीन अव्हेलेबिलिटी झोन (एकमेकांपासून वेगळे ठेवलेले डेटा सेंटरचे गट) आहेत. सबनेट एकाच झोनचं असतं, त्यामुळे प्रायव्हेट आयपी दुसऱ्या झोनमध्ये नेताच येत नाही. मला सर्वांत आवडणारी युक्ती इथेच कामी येते. व्हीपीसीच्या रेंजबाहेरचा एखादा पत्ता निवडायचा, रूट टेबलमध्ये (पॅकेट कुठे पाठवायचं त्या यादीत) तो चालू मशीनच्या इंटरफेसकडे वळवायचा, दोन्ही मशीनवर सोर्स-डेस्टिनेशन चेक (स्वतःच्या पत्त्याची नसलेली पॅकेट अडवणारी तपासणी) बंद करायचा आणि फेलओव्हरला, म्हणजे काम दुसऱ्या मशीनकडे जाताना, फक्त तो रूट बदलायचा. याला ओव्हरले आयपी म्हणतात. एसएपी हाना या डेटाबेसच्या क्लस्टरमध्ये ही पद्धत रुळलेली आहे.

अ‍ॅझ्युअरमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये) बहुधा लोड बॅलन्सर (आलेलं काम मशीनमध्ये वाटणारा) आणि हेल्थ प्रोबवर (मशीन चालू आहे का हे विचारणाऱ्या तपासणीवर) भिस्त असते. प्रोब १६८.६३.१२९.१६ वरून येतात, ते फायरवॉलने अडवू नका. ओपनस्टॅकमध्ये (स्वतःचा क्लाउड उभारायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये) अलाउड अ‍ॅड्रेस पेअर्समध्ये पत्ता नोंदवला की जुनी एआरपीची रीत बऱ्याच अंशी चालते, म्हणून शिकायला ते बरं.

सुरुवात लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समधल्या दोन लिनक्स मशीनपासून करा. टीसीपीडंप (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं साधन) लावून एआरपी डोळ्यांनी बघा, मगच क्लाउडला हात घाला. मुंबईत बँका आणि शेअर बाजाराशी जोडलेली कामं भरपूर आहेत, आणि बाजार सव्वानऊला उघडतो. त्यामुळे मुलाखतीत कमांड पाठ आहेत का यापेक्षा, मुख्य मशीन पडल्यापासून सेवा परत येईपर्यंत किती वेळ गेला आणि तो कसा मोजला, हे मी विचारतो. पिंगवर विसंबू नका. क्लायंटकडून सतत कर्ल (सेवेला विनंती पाठवून उत्तर दाखवणारी कमांड) चालवा, चालू मशीन थेट बंद करा आणि पहिलं यशस्वी उत्तर कधी आलं ते लिहून ठेवा. मग जुनं मशीन परत चालू करून बघा. नोप्रीएम्प्ट (परतल्यावर पत्ता हिसकावू नको, असं सांगणारं सेटिंग) लावलेलं नसेल आणि त्याचा प्रायॉरिटी आकडा मोठा असेल, तर ते पत्ता पुन्हा ओढून घेईल आणि ग्राहकाला दुसऱ्यांदा धक्का बसेल.