कुंपणाला करवंद: लागवड आता, कात्री पहिली दोन वर्षं

मृगाचे दोन चांगले पाऊस झाले, वीतभर ओल गेली की सजीव कुंपणाची लागवड उरकून घ्यावी. परसबाग असो, फळबाग असो की बांध, कमी देखभालीचं कुंपण हवं असेल तर करवंद लावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नर्सरीत पिवळ्या पानांचा डुरांटा स्वस्त मिळतो आणि झटपट भरून येतो. पण पावसाळ्यात सतत कात्री मारली नाही तर त्याचं रान होतं. कोयनेलचंही तेच. करवंदाची वाढ संथ असते, सुरुवातीला धीर धरावा लागतो. एकदा गच्च झालं की वर्षाला एक छाटणी पुरते, उन्हाळ्यात पाणी मागत नाही आणि काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत. वर लोणच्याला करवंदं मिळतात ती वेगळीच.

रोप वर्षभराचं, बुडापासून फुटवे असलेलं घ्या. उंच पण एकाच सोटाचं रोप कुंपणाला कामाचं नाही. पिशवीत मुळांचा वेटोळा झालेली जुनी रोपंही नकोत.

हद्दीपासून तीन फूट आत दोरी धरा, म्हणजे पुढे फांद्या शेजाऱ्याच्या रानात जाणार नाहीत आणि दोन्ही बाजूंनी छाटता येईल. दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर काढून त्यात माती आणि कुजलेलं शेणखत भरा, दोन-दोन फुटांवर रोपं लावा. चौकोनी एकराचा घेर साधारण ८३५ फूट भरतो, म्हणजे सव्वाचारशे रोपं लागतील. मर धरून थोडी जास्तच आणा. भारी काळ्या जमिनीत चराऐवजी वरंबा करून लावा. करवंद मुरमाड माळावर तगतं, साचलेल्या पाण्यात नाही.

आता खरं काम. रोपानं मूळ धरून नवी पालवी फुटली की शेंडा खुडा. जीव होत नाही, पण खुडाच. पेरापाशी दोन-तीन फुटवे निघतात. ते वीतभर झाले की त्यांचेही शेंडे मारा. दोन वर्षं हे केलं तर कुंपण जमिनीपासून भरतं. नुसतं वाढू दिलं तर वर झुडूप आणि खाली कुत्रं सहज जाईल एवढी फट, आणि ती फट नंतर बुजत नाही. छाटताना तळ रुंद, माथा अरुंद ठेवा, म्हणजे खालच्या फांद्यांना ऊन मिळतं. कोवळे शेंडे शेळ्या खातात, तेव्हा ही दोन वर्षं बाहेरून बोरी-बाभळीच्या काट्या लावा. पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी आणि बुडाशी पालापाचोळा हवाच. पुढे छाटणी दरवर्षी फळं उतरल्यावर करा. आधी केली तर फुलोरा जातो.

दुसरं झाड निवडणार असाल तर शेजारचं पीक बघा. संत्रा-मोसंबीच्या बागेला कुंतीचं, म्हणजे कामिनीचं, कुंपण करू नका. कुंती त्याच कुळातली. ग्रीनिंग रोग पसरवणारी सिट्रस सिला ही कीड तिच्या कोवळ्या पालवीवर वाढते आणि तिथून बागेत येते. द्राक्षबागेच्या कडेला जास्वंद टाळा, तिच्यावर पिठ्या ढेकूण ही द्राक्षावरही येणारी कीड बसते. गुरं बांधता तिथे कण्हेर नको, ती सगळीच विषारी. मुलं खेळतात तिथे मोगली एरंड नको, बिया पोटात गेल्या तर विषबाधा होते. गुरांनी तोंड लावू नये एवढंच हवं असेल तर निरगुडी किंवा अडुळसा उत्तम. छाट कलमं पावसाळ्यात लगेच जगतात. हिरवळीचं खतही हवं असेल तर गिरीपुष्पाचे हातभर, अंगठ्याहून जाड दांडे खोचा.

करवंदाची रोपं मिळाली नाहीत तर झाडावरची पिकलेली फळं आत्ताच गोळा करा. गर आणि चीक धुऊन बी सावलीत सुकवा आणि दोन-चार दिवसांत पिशव्यांत पेरा. या बियांची उगवण लवकर जाते. डब्यात भरून ठेवलेलं बी पुढच्या वर्षी उगवत नाही.