पाटी हाती देण्याआधी : अंगणवाडीतील मुलांच्या वाचनाची पूर्वतयारी

चार वर्षांचे मूल अंगणवाडीत येऊ लागले की घरच्यांची पहिली अपेक्षा पाटीवर ‘अ आ इ’ दिसण्याची असते, आणि त्यांचे समाधान व्हावे म्हणून ताईही मुलाचा हात धरून ती गिरवून घेतात. हा क्रम बदलावा. मुलाने आधी मोकळेपणाने बोलावे, मग शब्दातले आवाज वेगळे ऐकावेत, आणि त्यानंतर अक्षराकडे वळावे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ ही वर्षे मिळून एकच पायाभूत टप्पा मानली आहेत, ही गोष्ट पालकांच्या बैठकीत आवर्जून सांगावी. घाईचा बराचसा जोर तिथेच ओसरतो.

सुरुवात घरच्या बोलीपासून करावी. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’, ‘केळी’ची ‘केयी’ आणि ‘पाणी’चे ‘पानी’ होते. मी या कामात नवी असताना एक मुलगा ‘मले पानी पायजे’ म्हणाला, आणि मी त्याच्याकडून तीनदा ‘पाणी’ म्हणवून घेतले. त्याने निमूटपणे म्हटले. पण पुढचा आठवडाभर तहान लागली की तो काही न बोलता स्वतःच माठाकडे जाऊ लागला. अशा वेळी मुलाला न टोकता ‘हो, घे ना, माठातले पाणी आज चांगले गार आहे’ एवढेच म्हणावे, म्हणजे प्रमाण शब्द त्याच्या कानावर पडतो आणि बोलणेही तुटत नाही. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीकडील गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या, तसेच तांड्यावरच्या बंजारा मुलांच्या बाबतीत तर घरची भाषा मराठीहून वेगळीच असते. तिथे ताईंनी रोजच्या वापरातले वीस-पंचवीस शब्द शिकून घ्यावेत, आणि मदतनीस त्याच भाषेची असेल तर आठवड्यातून दोन गोष्टी तिलाच सांगू द्याव्यात.

कानाच्या तयारीला रोज पंधरा मिनिटे पुरतात. ‘बंडी’, ‘वावर’, ‘पऱ्हाटी’ असे ओळखीचे शब्द म्हणत टाळ्या वाजवाव्यात, पण टाळ्या बोलण्याप्रमाणे पडू द्याव्यात. ‘कापूस’ लिहिताना तीन अक्षरे लागतात, बोलताना मात्र ‘का-पूस’ असे दोनच ठोके येतात. या वयात मूल दोन टाळ्या वाजवते तेच बरोबर आहे. नंतर टोपलीत कांदा, कवेलूचा (कौलाचा) तुकडा, वाटी आणि विळ्याचे चित्र ठेवून एका आवाजाने सुरू होणाऱ्या वस्तू वेगळ्या काढायला सांगावे. तुरीचे किंवा हरभऱ्याचे दाणे मात्र या खेळात घेऊ नयेत, कारण ते हमखास कोणाच्या तरी नाकात जातात. ‘चहा’ आणि ‘चटणी’ एका गटात टाकण्याची चूक तर आपलीच असते, कारण अक्षर एक असले तरी दोन्हींतला ‘च’ वेगळा उच्चारला जातो आणि मुलाला तो फरक नीट ऐकू येतो. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गावात भुलाबाईची गाणी चालतात. ती म्हणताना ओळीचा शेवटचा शब्द गाळून थांबावे, यमकाच्या ओढीने मुले तो स्वतःच पूर्ण करतात.

अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने शिकवण्याची गरज नाही. क, न, म, ब ही चार अक्षरे आणि काना एवढ्यावर कान, नाक, मान, काम, मका, बाक, काका, मामा, बाबा असे नऊ शब्द वाचता येतात, आणि आपण वाचले याचा आनंद मुलाला पहिल्या महिन्यातच मिळतो. म आणि भ किंवा घ आणि ध यांसारखी सारख्या वळणाची अक्षरे एकापाठोपाठ देऊ नयेत. ळ आणि ण उशिरा घ्यावेत, आणि घेताना ‘आपण डोया म्हणतो, पुस्तकात ते असे लिहितात’ असे सरळ सांगावे. मुलाने ‘डोळा’ हा लिखित शब्द ‘डोया’ असा वाचला, तर त्याने अर्थासह वाचले आहे. ती चूक धरू नये.

माझ्या अनुभवात सर्वांत फळ देणारी रीत म्हणजे मुलाचेच वाक्य लिहिणे. एखादी मुलगी ‘माह्या बकरीले दोन पिल्लं झाले’ म्हणाली की ते तसेच्या तसे, तिच्या डोळ्यांदेखत, मोठ्या अक्षरांत कागदावर लिहावे, खाली तिला चित्र काढू द्यावे आणि शब्दांखालून बोट फिरवत वाचून दाखवावे. दुसऱ्या दिवशी खाली ‘माझ्या बकरीला दोन पिल्लं झाली’ ही ओळ जोडावी. काही पर्यवेक्षिकांना भिंतीवर बोली लिहिलेली रुचत नाही. मला मात्र त्यात कमीपणा वाटत नाही, कारण त्या कागदाशी मुले दिवसातून चारदा आपणहून जाऊन उभी राहतात.

लिहिण्यासाठी बोटे तयार व्हावी लागतात. आपल्याकडची काळी माती भिजवली की चिवट होते, आणि पोळ्याच्या सुमारास तिचे बैल करताना बोटांना मिळणारी मेहनत पाटी गिरवण्यापेक्षा अधिक उपयोगी असते.

कापूस वेचणी सुरू झाली की हजेरी घटते, कारण मुले आईबरोबर वावरात जातात. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी पालघरकडील कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली होती. आपल्याला तेवढे जमले नाही तरी आईला दोन तोंडी खेळ सांगून ठेवता येतात, जसे धुऱ्यावर (बांधावर) बसलेल्या मुलाला ‘प ने सुरू होणारे इथे काय काय दिसते’ असे विचारणे.

इतके करूनही एखादे मूल आवाजांतला फरक ओळखत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल किंवा त्याचा कान वरचेवर वाहत असेल, तर त्याला मंद ठरवण्याआधी ऐकणे तपासून घ्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत तपासणीला येते, तेव्हा अशा मुलाचे नाव आधीच लिहून ठेवावे आणि त्या दिवशी त्याच्या आईलाही बोलावून घ्यावे.